रक्तपरीक्षेचा कौल

कांहीं रोग असे असतात कीं त्यांची पीडा शरीरास थोडी आणि मनास फार होते. हर्पीस हा त्यांपैकींच एक होय. अंगावर फोड नाहीं, ताप नाहीं, वेदना नाहीं. केवळ सर्वसाधारण तपासणी म्हणून रक्त दिलें आणि हातीं आलेल्या कागदावर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द दिसला, म्हणजे चांगल्या धीराच्या माणसाचीही झोंप उडते. हा रोग कोणाकडून आला? केव्हां आला? घरीं सांगावें कीं लपवावें? ठरलेला विवाह मोडावा काय? प्रश्नांमागून प्रश्न उभे राहतात, आणि त्या कागदांत तर त्यांपैकीं एकाचेंही उत्तर नसतें. कागदांत काय असतें आणि काय नसतें हें नीट समजून घेणें, हाच या चिंतेवरील पहिला उपाय होय.

‘हर्पीस’ हा शब्द सरपटणें या अर्थाच्या ग्रीक धातूपासून निघाला असून संस्कृतांतील ‘सर्प’ शब्दाशीं त्याचें मूळ एकच आहे. मराठींत ज्या रोगास नागीण म्हणतात तो मात्र याच कुळांतील दुसऱ्या विषाणूचा. कांजिण्यांचा विषाणु शरीरांत दडून राहून पुढें नागिणीच्या रूपानें उठतो. येथें प्रस्तुत आहे तो हर्पीस सिंप्लेक्स. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला बहुधा बाळपणींच, आप्तांनीं प्रेमानें घेतलेल्या मुक्यांतून लागतो, आणि कित्येकांच्या ओठांच्या कडेस पाणीदार फोड आणतो. दुसरा बहुधा शरीरसंबंधांतून लागतो. जननेंद्रियांवर फोड मात्र दोन्ही प्रकारांनीं येऊं शकतात. दोघेही मज्जातंतूंच्या मुळाशीं जाऊन दडतात व जन्मभर तेथें राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं पन्नास वर्षांखालील सुमारें ३८० कोटि माणसांच्या शरीरांत पहिला प्रकार होता, आणि १५ ते ४९ या वयाच्या सुमारें ५२ कोटि माणसांच्या शरीरांत दुसरा. यांतील बहुतेकांस त्याची कधींच जाणीव होत नाहीं. तेव्हां ज्याच्या हातीं असा कागद येतो तो एकटा नाहीं, इतकें तरी त्यानें प्रथम ध्यानांत घ्यावें.

आतां परीक्षेविषयीं. ही रक्तपरीक्षा विषाणूचा शोध घेत नाहीं. विषाणूशीं झुंजण्यासाठीं शरीरानें निर्माण केलेल्या प्रतिपिंडांचा शोध घेते. चोर पाहिला नाहीं, परंतु दारावर पहारेकरी बसलेला दिसला, आणि त्यावरून चोर कधीं तरी येऊन गेला असावा असें अनुमान केलें, तशांतला हा प्रकार आहे. पहारा केव्हां बसला, चोर कोणत्या वाटेनें आला, हें त्यावरून कळत नाहीं. संसर्ग ओठांचा आहे कीं अन्य भागाचा, तो गेल्या वर्षीं झाला कीं वीस वर्षांपूर्वीं, हें रक्त सांगत नाहीं. विषाणु कित्येक वर्षें निःशब्द राहूं शकतो. म्हणून अशा कागदाच्या आधारें पतीनें पत्नीवर किंवा पत्नीनें पतीवर व्यभिचाराचा आरोप करणें हा शुद्ध अन्याय होय.

शिवाय अनुमान चुकूं शकतें. दुसऱ्या प्रकारासाठीं करावयाच्या प्रचलित ‘आयजीजी’ परीक्षेंत एक आंकडा येतो व तो १.१ च्या वर गेला कीं उत्तर ‘पॉझिटिव्ह’ लिहिलें जातें. परंतु ३ च्या खालील आंकडे पुष्कळदां फसवे निघतात. अमेरिकेंतील रोगप्रतिबंधविषयक तज्ज्ञांच्या मंडळानें २०१६ सालीं याचा हिशेब मांडून दाखविला. शेंकडा १५ लोकांस दुसऱ्या प्रकारचा संसर्ग आहे अशा समाजांतील १०,००० लोकांची परीक्षा केली, तर सुमारें १,४८५ खरीं उत्तरें ‘पॉझिटिव्ह’ येतील आणि तितकींच, म्हणजे १,४४५, खोटीं! छापा कीं कांटा म्हणून नाणें उडवावें तशी ही गोष्ट झाली. म्हणूनच लक्षणें नसलेल्या माणसांची सरसकट परीक्षा करूं नये असा सल्ला त्या मंडळानें दिला, आणि २०२३ सालीं तोच पुन्हां कायम केला. ‘आयजीएम’ नांवाची दुसरी परीक्षा नवा संसर्ग ओळखण्यासाठीं म्हणून केली जाते. परंतु ती जुन्या संसर्गांतही पुन्हां वर येत असल्यामुळें गोंधळ मात्र वाढविते.

महाराष्ट्रांत हा कागद कित्येकदां निराळ्याच वाटेनें घरांत येतो. गर्भपात झालेल्या किंवा गरोदर स्त्रीची ‘टॉर्च’ नांवाची परीक्षा होते; तींत हर्पीसचाही समावेश असतो. अनेकदां दोन्ही प्रकारांचें उत्तर एकत्रच येतें, आणि बाळपणींच्या ओठांवरील फोडाची ती जुनी खूण सासरीं संशयाचें कारण होते. वारंवार होणाऱ्या गर्भपाताचें कारण शोधण्यासाठीं ही परीक्षा करणें सोडून द्यावें, असें ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनें २०११ च्या आपल्या मार्गदर्शनांत स्पष्ट म्हटलें आहे. बाळास खरें भय असतें तें आईस प्रसूतीच्या सुमारास प्रथमच संसर्ग झाला तर. तेव्हां शेंकडा ३० ते ५० बाळांस तो लागूं शकतो. संसर्ग जुना असेल तर हें प्रमाण शेंकडा एकाहूनही कमी असतें, कारण आईचीं प्रतिपिंडें बाळाचेंही रक्षण करितात. गरोदर स्त्रीनें मात्र आपल्यास किंवा पतीस पूर्वीं फोड आले असल्यास तें डॉक्टरांस अवश्य सांगावें. प्रसूतीच्या वेळीं फोड असले तर शस्त्रक्रियेनें प्रसूति करून बाळास वांचवितां येतें.

मग संशयांत सांपडलेल्या माणसानें करावें तरी काय? कागदावरील शब्द न वाचतां आंकडा वाचावा व परीक्षा कोणत्या प्रकाराची होती तें डॉक्टरांस विचारावें. आंकडा लहान असेल तर निराळ्या पद्धतीच्या दुसऱ्या परीक्षेनें खात्री करून घ्यावी; सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत विकसित झालेली ‘वेस्टर्न ब्लॉट’ ही अशा कामीं प्रमाण मानली जाते. संसर्गाचा संभव अगदीं नुकताच घडला असेल तर प्रतिपिंडें तयार होण्यास १२ आठवडे लागूं शकतात. म्हणून तितका काळ जाऊं देऊन परीक्षा करावी. दर आठवड्यास रक्त देत राहिल्यानें ज्ञान वाढत नाहीं, धास्ती वाढते. फोड दिसल्यास तो ताजा असतांनाच डॉक्टरांकडे जावें. त्यांतील द्रवाची परीक्षा रक्तापेक्षां अधिक विश्वसनीय असते.

मधल्या काळांत विवाह मोडूं नये आणि कोणास दोषही देऊं नये. एकाच विश्वासू माणसाजवळ मन मोकळें करावें, संबंधांत निरोध वापरावा व नित्याचें काम चालू ठेवावें.

आणि दुसरें उत्तरही ‘पॉझिटिव्ह’ आलें तर? तरीही आयुष्य उद्ध्वस्त होत नाहीं. विषाणु समूळ नाहींसा करणारें औषध नाहीं हें खरें. परंतु त्यास आवरणारें असायक्लोव्हिर आहे. तें ज्या संशोधनांतून निघालें त्यांतील अग्रणी गर्ट्रूड एलियन या विदुषीस १९८८ सालीं नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. त्याच्याच कुळांतील व्हॅलासायक्लोव्हिर रोज घेतल्यास जोडीदारास संसर्ग लागण्याचें प्रमाण जवळजवळ निम्म्यानें घटतें, असें १,४८४ जोडप्यांवरील प्रयोगांत २००४ सालीं दिसून आलें. खात्री झाल्यावर भावी जोडीदारास हें सांगणें हा धर्मच आहे. परंतु सांगतांना आंकडा, औषध आणि खबरदारी यांसह सांगावें, म्हणजे ऐकणारासही विचार करण्यास आधार मिळतो.

प्रयोगशाळेचा कागद हा देवळांतील कौल नव्हे. त्याच्या एका शब्दावर संसार तोलूं नये. जें कळण्यासारखें आहे तें शांतपणें विचारून घ्यावें. हा रोग कोणापासून, केव्हां लागला हें बहुधा कधींच कळत नाहीं, तो शोध सोडून द्यावा. इतकें ज्यास साधलें, त्याची झोंप दुसरा कागद येण्यापूर्वींच परत येते.