नाखुदा होडी देतो, मोती नाही

(मंडळाच्या कोजागरीच्या कार्यक्रमात, मुहर्रक येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मसाला दुधाचा वास इथपर्यंत येतोय, त्यामुळे मी फार वेळ घेणार नाही. आपल्यातली चार-पाच कुटुंबं या हिवाळ्यात नॉर्वे-स्वीडनला, बर्फाळ डोंगरांत ध्रुवीय प्रकाश बघायला जायचं म्हणताहेत. आम्ही अशी सहल केली आहे, म्हणून कार्यकारिणीने मला उभं केलंय. तेव्हा प्रवासवर्णन कमी आणि कामाचं जास्त.

मला सगळे एकच विचारतात, "नक्की दिसेल ना?" प्रश्न रास्त आहे. आपली नोकरी करारावरची. रजा मोजकी, तीही गावी जायला राखून ठेवलेली. ती मोडायची, आई-वडिलांना तिकडून बोलवायचं, मुलांना घ्यायचं आणि उणे तापमानात जाऊन उभं राहायचं. यात पैसा तर जातोच, पण आई-वडिलांना घेऊन असं पुन्हा कधी जमेल, हे कोणालाच सांगता येत नाही.

या प्रश्नाचं उत्तर मला आपल्या मुहर्रकमध्येच सापडलं. इथल्या जुन्या गल्ल्यांतली मोत्यांची वाट आपण पाहुण्यांना हौसेने दाखवतो. 2012 साली ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. त्या काळी नाखुदा उन्हाळ्यात होडी घेऊन निघायचा. आपल्या कोकणातला नाखवा तो हाच शब्द! मोत्यांची जागा कुठे, वारा कसा, कधी परतायचं, हे सगळं त्याला ठाऊक. पाणबुडे पायाला दगड अडकवून तळाशी जात, शिंपल्यांचे ढीग वर आणत, आणि त्यातल्या फार थोड्यांत मोती निघे. नाखुदा होडीची हमी द्यायचा, मोत्याची नाही. सहलीचा गाईड हा आपला नाखुदा समजा. त्याच्याकडून होडीची हमी मात्र चोख घ्या.

पहिली हमी जागेची. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सापडतात आणि ध्रुवाभोवतालच्या एका कड्यात वातावरणावर आदळतात. साधारण शंभर किलोमीटरच्या वर प्राणवायू हिरवा उजळतो, त्याहून बऱ्याच उंचीवर लाल. नॉर्वेतलं ट्रॉम्सो आणि स्वीडनमधलं आबिस्को या कड्याखालीच येतात. सूर्याचं चक्र सुमारे अकरा वर्षांचं असतं. ते कमाल टप्प्यात पोचल्याचं शास्त्रज्ञांनी ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर केलं होतं. पुढे जोर ओसरला तरी या कड्याखालचा प्रकाश बंद होत नाही, तेव्हा "आता नाही तर कधीच नाही" अशा जाहिरातींनी घाबरू नका.

खरा अडथळा ढगांचा. ट्रॉम्सो समुद्रकाठी आहे, तिथे हवा सारखी बदलते. महाबळेश्वरला धो धो कोसळणारा पाऊस माण-खटावला कसा कोरडा ठेवतो, ते आपल्याला माहीत आहे. आबिस्कोचं तसंच आहे. पश्चिमेचे डोंगर ढग अडवतात, म्हणून तिथलं आकाश जास्त वेळा मोकळं मिळतं. चांगला गाईड संध्याकाळी हवामानाचा नकाशा बघतो आणि गरज पडली तर शंभर-दीडशे किलोमीटर गाडी हाकतो. हे तुमच्या सहलीच्या पैशांत आहे का, की एकाच ठरलेल्या जागी नेऊन आणणार, हे लेखी विचारा. रात्रीही मोजा. "आठ दिवसांची सहल" म्हणजे कधी कधी उत्तरेत दोनच रात्री! निदान चार तरी हव्यात. आम्हाला सहा मिळाल्या, त्यांतल्या दोन रात्री प्रकाश दिसला. आणि इथे आपण पूर्ण चंद्राची वाट बघतोय, तिथे मात्र तो नसलेला बरा. फिका प्रकाश चांदण्यात हरवतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. माहितीपत्रकातले फोटो कॅमेऱ्याने काही सेकंद प्रकाश साठवून काढलेले असतात. अंधारात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत. पहिल्यांदा आकाशात पांढुरका पट्टा उमटला, तेव्हा माझी आई म्हणाली, "कुणाच्या तरी चुलीचा धूर दिसतोय." दहा मिनिटांनी तो धूर हिरवा झाला आणि पडद्यासारखा हलायला लागला. पण रोज तसं होत नाही. दुसऱ्या वेळी तो शेवटपर्यंत धूरच राहिला. घरच्या वडीलधाऱ्यांना हे आधी सांगून ठेवा.

तिसरी गोष्ट त्यांच्या तब्येतीची. थंडीपेक्षा घसरण्याची भीती जास्त. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे घ्याच. हृदयविकार किंवा दमा असेल तर डॉक्टरांना विचारूनच ठरवा. बाहेर थांबायचं तिथे गरम खोली किंवा तंबू आहे का, जवळ स्वच्छतागृह आहे का, आणि एखाद्याला लवकर परतायचं असेल तर दुसरी गाडी मिळेल का, हे विचारायला लाजू नका. कपडे थरांचे हवेत: आत लोकरीचा, मध्ये उबदार, वर वारा अडवणारा. सुती बनियन नको, घामाने ओला होतो आणि मग गारठवतो. मोबाईल आतल्या खिशात ठेवा, बॅटरी थंडीत झटकन उतरते. ऑगस्टमध्ये एसीतून बाहेर पडलं की आपल्या चष्म्यावर वाफ धरते ना, तसंच गरम खोलीत आणलेल्या कॅमेऱ्याचं होतं. तो पिशवीत बंद करूनच आत आणा.

ट्रॉम्सोला नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. दुपारी नुसता निळसर उजेड पसरतो. लोकमान्य टिळकांनी 1903 साली वेदांतल्या लांबलचक उषेवरून आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ असल्याचं मांडलं. तो सिद्धांत आज अभ्यासक मानत नाहीत, पण त्या उजेडात उभं राहिल्यावर त्यांची आठवण होतेच.

आणि एक गंमत सांगतो. 4 फेब्रुवारी 1872 रोजी सूर्याने असं वादळ पाठवलं, की हा प्रकाश थेट मुंबईतून दिसला! कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकमापकांवर त्या वादळाची नोंद आहे. त्या रात्री मुंबईत कोणी गाईड केला नव्हता की आगाऊ रक्कम भरली नव्हती. प्रकाश त्याच्या मर्जीने आला.

म्हणून आई-वडिलांना आणि मुलांना "नॉर्दर्न लाइट्स दाखवायला नेतो" असं वचन देऊ नका. सांगा, की बर्फ दाखवायला नेतो, रेनडिअर दाखवतो, दुपारी बाराला पडणारी संध्याकाळ दाखवतो आणि रात्री सगळे मिळून आकाशाकडे बघत बसू. एवढं वचन आपल्याला नक्की पाळता येतं. प्रकाश आला तर तो वरचा.