पुढचा ॲक्सल बदलला आणि गाडी अडायला लागली?

वणी-पांढरकवड्याच्या काळ्या मातीतून कापूस बाहेर काढायला फोर-व्हीलची पिकअप कामी येते. पण पुढचा ॲक्सल बदलल्यावर ती अडत असेल, तर आधी टू-व्हीलवर चालवून बघा. तरीही जड चालली, तर मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं चाक जॅकवर उचलून हातानं फिरवा. घासत फिरलं, तर बेअरिंग जास्त आवळलं असेल किंवा ब्रेक सुटत नसेल.

टू-व्हीलवर मोकळी, पण फोर-व्हीलवर सरळ रस्त्यातही अडते? मग मेकॅनिकला दोन्ही ॲक्सलच्या क्राउन-पिनियनचे दाते मोजायला सांगा. क्राउनला 41 आणि पिनियनला 10 म्हणजे गुणोत्तर 4.1. पुढच्या-मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर आणि टायरचं माप सारखंच हवं. जुन्या बाजारातला ॲक्सल बसवताना हेच बघायचं राहून जातं. मग दोन्ही ॲक्सल एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो.

फोर-व्हीलवर कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना थोडं अडणं मात्र बिघाड नव्हे. वळणात पुढची चाकं जास्त अंतर कापतात. म्हणून फोर-व्हील चिखलातच लावा, डांबरीवर लागताच काढा.