चाकाचा आवाज आम्हीही ऐकतो

(चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील महिला गटांच्या एका बैठकीत केलेले भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला ‘महिला आणि तंत्रज्ञान’ या विषयावर बोलायला सांगितले आहे. शब्द मोठे आहेत. मला त्यातले एकच तंत्र येते. ट्रॉलीच्या चाकाचे बेअरिंग खोलणे, धुणे, ग्रीस भरून परत बसवणे. तेवढ्यावरच बोलते.

आधी हात वर करा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कामाला कोण कोण गेल्या आहेत? बघा, जवळजवळ सगळ्याच. आता दुसरा प्रश्न. त्या ट्रॉलीच्या चाकात ग्रीस कधी भरले होते, हे कोणाला माहीत होते? एकही हात नाही. पाच वर्षांपूर्वी माझाही वर आला नसता.

आपल्या झाडीपट्टीत बाईची मजुरी ट्रॉलीवर चालते. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे धानाची कापणी, उन्हाळ्यात तेंदूपान. मिरची तोडायला तेलंगणात जायचे तरी गावातून सडकेपर्यंत ट्रॉलीच. एसटीची वेळ आणि रोवणीची वेळ कधी जमत नाही. मुकादम सांगतो, चढा. आपण डबा, घोंगडी घेऊन चढतो.

पाच वर्षांपूर्वी रोवणीच्या दिवसांत आम्ही बावीस बाया अशाच एका ट्रॉलीने जात होतो. ट्रॉली दोन चाकांची. डाव्या चाकातून आवाज येत होता. जात्यात खडा सापडल्यावर येतो तसा, घर्र घर्र. मी डावीकडेच बसत असे, म्हणून मला तो आधी ऐकू आला. पहिल्या दिवशी वाटले, रस्ताच तसा आहे. दुसऱ्या दिवशी चांगल्या सडकेवरही आला. तिसऱ्या दिवशी मी उतरून ड्रायव्हरला सांगितले. तो हसला. म्हणाला, “तुले काय समजते वो, बाई? चाक फिरते तं आवाज येतेच.” बाकीचेही हसले. मी परत चढून बसले. दिवसाची मजुरी होती ना.

त्या सांजेला नहराच्या पाळीवरून येताना डावे चाक निघून पुढे पळाले. ट्रॉली त्या बाजूला बसली आणि कलंडली. मेले कोणी नाही. पण माझ्या धाकट्या जावेचे कमरेचे हाड मोडले. ती आजही खाली बसून रोवणी करू शकत नाही, मांडी घालू शकत नाही. आणखी एकीच्या खांद्याचे हाड गेले. गावात काय बोलले गेले ठाऊक आहे? “बायाच लय भरल्या होत्या.” म्हणजे चूक आमचीच! ट्रॉली कोणाची, तिची देखभाल कोणी करायची, हे कोणी विचारले नाही. मीही नाही. आवाज ऐकला होता तो मीच, आणि तरी जावेला शेजारी बसवले होते. हे मनातून जात नाही, म्हणून आज तुमच्यासमोर उभी आहे.

पुढे ते चाक तालुक्याच्या गावी एका मिस्त्रीकडे गेले. मी मागे लागून पाहायला गेले. त्याने हब उघडून दाखवले. आतले ग्रीस दुधाळ पांढरे झाले होते आणि बेअरिंगचे रोलर निळे-काळे पडले होते. तो म्हणाला, “पाणी शिरलं. ग्रीस धुऊन गेलं. लोखंडावर लोखंड घासलं, तापलं, जाम झालं.” मी विचारले, किती दिवस आधी कळले असते? तो म्हणाला, “पंधरा दिवस तरी. आवाज येते ना.”

आवाज येते ना! मग मला शिकवा, म्हटले. आधी त्यालाही हसू आले. मग त्याने दुकान बंद असते त्या दिवशी बोलावले. आम्ही चौघी गेलो.

आपल्या घरी बंडी होती तेव्हाचे आठवा. आखाला वंगण घालणे हे गड्याचे काम. एरंडीचे तेल आणि काजळी कालवून ते वंगण करणारी बहुतेक घरची बाईच, पण आखाला तिचा हात नको. नांगराला बाईने हात लावू नये, तसेच ते. बंडी गेली, ट्रॅक्टर आला, लोखंड बदलले, पण नियम तोच राहिला. आणि हे बेअरिंग काही आकाशातून पडलेले नाही. निमुळत्या रोलरच्या ज्या बेअरिंगवर आपली ट्रॉली चालते, त्याचे पेटंट १८९८ साली अमेरिकेतल्या हेन्री टिमकेन यांनी घेतले. ते सेंट लुईसचे गाड्या बनवणारे कारागीर होते, घोड्याच्या गाड्या. गाडी वळताना चाकावर बाजूने जोर येतो, तो कसा पेलायचा हा त्यांचा प्रश्न होता. म्हणजे हा आपल्या बंडीचाच प्रश्न.

आता काम सांगते. लिहून घ्या.

आधी ओळख. प्रत्येक चाकाच्या हबात दोन बेअरिंग असतात, आत मोठे आणि बाहेर लहान. मागच्या बाजूला रबराचे सील असते, ते पाणी-चिखल अडवते. पुढे मुकुटासारख्या खाचांचा नट, त्या खाचेतून जाणारी दुमडलेली पिन, आणि वर टोपी. बंडीच्या आखाला खीळ असायची ना, तिचेच काम ही पिन करते.

बसण्याआधीची तपासणी कोणीही करू शकते. दहा-बारा किलोमीटर चालल्यावर गाडी थांबली की हबाजवळ तळहात न्या, मग अलगद टेकवा. कोमट लागले तर ठीक. हात टिकत नसेल तर आत काहीतरी बिघडले आहे. ट्रॉली रिकामी असताना चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा आणि ऐका. मग वर आणि खाली धरून हलवा. जाणवण्याइतके डुलले तर सैल आहे. हबाच्या मागे ग्रीस ओघळलेले दिसले तर सील गेले. चार गोष्टी आहेत: गरम, आवाज, डुलणे, ओघळ. एवढ्या तरी मुलींना पाठ करायला लावा.

आता खोलणे. जागा सपाट, ट्रॉली रिकामी, ट्रॅक्टरला जोडलेली. दुसऱ्या चाकाला पुढून-मागून दगड. चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल करायचे, मग जॅक. आणि नुसत्या जॅकवर भरवसा ठेवायचा नाही. आखाखाली लाकडाचा भक्कम ओंडका लावल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. चाक काढा, टोपी काढा, पिन सरळ करून ओढा, नट आणि वॉशर काढा. बाहेरचे बेअरिंग हातात येते. हब ओढले की सील काढून आतले बेअरिंग निघते. डाव्या चाकाचे सामान डाव्या थाळीत, उजव्याचे उजव्या थाळीत. रोलर आणि त्याची बाहेरची वाटी एकमेकांसोबत झिजतात, त्यांची अदलाबदल करायची नाही.

सगळे डिझेलमध्ये धुवा, स्वच्छ कोरड्या कापडाने पुसा. वाळूचा एक कण राहिला तरी तो जात्यातला खडाच. मग उजेडात पाहा. रोलर चकचकीत आणि गुळगुळीत असेल तर चालेल. निळा-काळा डाग, खड्डा, ओरखडा दिसला तर बेअरिंग आणि वाटी दोन्ही नवे. एकच बदलणारा मिस्त्री तुमचे पैसे आज वाचवतो आणि पुढच्या महिन्यात दुप्पट घेतो.

आता ग्रीस. दुकानात चाकाच्या बेअरिंगचे लिथियम ग्रीस मागा. जुने पूर्ण काढल्याशिवाय वेगळ्या जातीचे नवे त्यात मिसळू नका. डाव्या तळहातावर गोळा घ्या. बेअरिंगची रुंद कड त्या गोळ्यात दाबत खेचा, पुन्हा दाबा, पुन्हा खेचा. वरच्या निमुळत्या बाजूने रोलरांच्या मधून ग्रीस बाहेर आले की तेवढा भाग भरला. मग फिरवून पुढचा भाग. वरवर लिंपून काही होत नाही, ते आत गेले पाहिजे. मिस्त्री म्हणाला, त्याच्या पोरांना हे जमायला महिना लागतो, आम्हाला एका दुपारी जमले. भाकरी थापणाऱ्या हाताला पीठ किती दाबायचे हे शिकवावे लागत नाही. पण हब गच्च भरू नका. जास्त ग्रीसही तापते.

परत बसवताना सील नवे घ्या. नट आवळताना दुसऱ्या हाताने हब फिरवत राहा. फिरायला किंचित जड वाटले की थांबा आणि नट थोडा मागे घ्या, पिनेची खाच जुळेपर्यंत. हब मोकळे फिरले पाहिजे, पण धडधडता कामा नये. फार आवळले तर जळते, फार सैल ठेवले तर डुलते. पिन दर वेळी नवी. जुनी पिन वाकवून परत घालणे म्हणजे बावीस जणींचा जीव चिमूटभर तारेवर टांगणे. चाकाचे नट समोरासमोर आवळा, आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासा.

आपल्या भागाची एक खास गोष्ट. पावसाळ्यात आपण नाले ट्रॉलीनेच ओलांडतो. चालून तापलेले हब थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. म्हणून नाल्यापाशी जरा थांबा, हब निवू द्या. आणि रोवणीच्या आधी एकदा, पावसाळा संपल्यावर एकदा, असे दोनदा चाक खोलाच.

आता काही जणी म्हणतील, घरचे, शेतातले, पोरांचे सगळे करून आता हेही आम्हीच करायचे? प्रश्न खरा आहे. माझे उत्तर असे, की फुकट करायचे नाही. आमच्या गटाने पुढे एक जुनी ट्रॉली घेतली, तिचे काम आम्ही करतो. दुसऱ्यांच्या ट्रॉलीचे केले तर मजुरी घेतो, मिस्त्री घेतो तेवढीच. आणि मालकाची जबाबदारी मालकाचीच राहते. आपण शिकायचे ते त्याचे काम त्याच्याऐवजी करण्यासाठी नव्हे. “तुले काय समजते” या वाक्याला उत्तर देता यावे म्हणून शिकायचे.

आपण पहिल्या नाही. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेतून हजारो बाया सायकल शिकल्या. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात त्याच दशकात दलित बायांनी हातपंप दुरुस्तीचे काम हाती घेतले. पाणी भरणारी बाई, पण पंपाला हात लावणारा पुरुष, ही वाटणी त्यांनी मोडली. आपल्याकडे बायांच्या लढ्याने काय होते हे आपल्याला ठाऊक आहे. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली त्यामागे गावोगावच्या बाया होत्या. २०११ साली मेंढा (लेखा) गावाच्या ग्रामसभेला आपल्या जंगलातला बांबू विकण्याचा अधिकार मिळाला. पण जंगलातून बांबू बाहेर येतो ट्रॉलीने, आणि ट्रॉलीची किल्ली अजून बाईच्या हातात नाही.

शेवटी कायद्याचे. ट्रॉली मालासाठी असते, त्यात माणसे नेणे कायद्याला मान्य नाही. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने मालवाहू गाडीत असे बसलेल्यांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा निकाल दिला. म्हणजे हाड आपले मोडते आणि विमा हात वर करतो. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात मजुरांची ट्रॉली विहिरीत गेली आणि सात बाया गेल्या. तिथे बेअरिंगचा प्रश्न नव्हता. पण त्याही आपल्यासारख्याच, कोणी चढा म्हटले म्हणून चढलेल्या होत्या. म्हणून खरी मागणी हीच, की मजुरीला नेणाऱ्याने माणसांच्या गाडीने न्यावे. ती मागणी सोडायची नाही. पण ती मान्य होईपर्यंत रोवणी थांबत नाही, आणि उद्या सकाळी कोणीतरी ट्रॉलीत चढणारच आहे.

त्यांच्यासाठी आमच्या गावाने एक ठराव केला आहे, तुम्हीही करा. हंगामाच्या पहिल्या दिवशी बायांपैकी दोघी हबाला हात लावतील, चाक हलवून पाहतील, आणि मालकाला विचारतील, ग्रीस कधी भरले? उत्तर मिळाल्याशिवाय कोणीही चढणार नाही. पहिल्या वर्षी एका मालकाने आम्हाला सोडून दुसऱ्या गावच्या बाया नेल्या. आमचे तीन दिवस बुडाले. म्हणूनच एका गावाने भागत नाही. सगळ्या गावांनी एकच प्रश्न विचारला तर तो नेणार कोणाला?

माझी जाऊ आता ट्रॉलीत बसत नाही. पण आम्ही चाक खोलतो तेव्हा ती बाजेवर बसून बेअरिंग पुसते, आणि पिन नवी आहे की नाही हे तीच तपासते. तिच्या नजरेतून जुनी पिन अजून सुटलेली नाही.

दुपारच्या जेवणानंतर बाहेर आमची ट्रॉली उभी आहे. जुने लुगडे किंवा ओढणी कमरेला बांधून या. हात काळे होतील.