वापरणारीचं मत कोण विचारतं?

(बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आज मला मिक्सर, मोबाइल आणि चार्जर यांविषयी बोलायचं आहे. तुमच्यातल्या काहींना वाटेल, मारहाण, पोटगी, रेशन हे विषय सोडून बाईने हे काय काढलं! पण मागच्या महिन्यात एका वस्तीतल्या बैठकीत काय झालं ते सांगते. मग तुम्हीच ठरवा.

बैठक थकलेल्या हप्त्यांची होती. एका ताईचे दोन हप्ते राहिले होते. तिने गटाकडून कर्ज काढून मिक्सर घेतला होता. मिरची-मसाला दळून द्यायचा आणि त्यावर घर चालवायचं, असा तिचा बेत. दुकानात नवरा बरोबर गेला. दुकानदाराने सगळं त्यालाच समजावलं : किती वॉट, किती भांडी, वॉरंटी किती. दळणार कोण, किती दळणार, हे तिला कुणी विचारलंच नाही. "पक्कं बिल घेतलंत तर जास्त पडेल," म्हणून साध्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला, तोही नवऱ्याच्या नावाने. दीड महिन्यात मिक्सर जळाला. दुकानदार म्हणाला, "धंद्याला वापरलात, वॉरंटी गेली." घरचे म्हणाले, "हिला चालवताच येत नाही."

मी तिला विचारलं, "तुझं स्वतःचं काय मत?" ती म्हणाली, "ताई, मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मोठं भांडं लावलं की बूड तापायचं, जळका वास यायचा. पण बोलले असते तर म्हणाले असते, आधी हट्ट केला, आता खोड काढते."

तिचं ऐकून बाकीच्याही बोलत्या झाल्या. घरात मुलाने नवा फोन घेतला की जुना आईकडे येतो. काच तडकलेली, बॅटरी दुपारपर्यंत संपणारी, चार्जरची वायर वाकडी धरून बसावं लागतं. एक आजी म्हणाल्या, "मला आवाज मोठा हवा, अक्षर मोठं हवं, बाकी काही नको." पण फोन घेताना घरात चर्चा होते ती कॅमेऱ्याची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरण्याचा मोबाइल होता. म्हणजे जवळपास निम्म्या जणींकडे तोही नव्हता. आणि हातात फोन असणं वेगळं, तो आपण निवडलेला असणं वेगळं.

वस्तू 'पैसा वसूल' आहे की नाही, हे आपल्याकडे किमतीवरून ठरतं. पण मिक्सर बंद पडला की पाट्यावर कोण बसतं? दुरुस्तीच्या दुकानात खेपा घालताना रोज कुणाचा बुडतो? हा खर्च कुठल्याच हिशेबात धरला जात नाही. तो माहीत असते फक्त वापरणारीला. म्हणून तिचं मत ही कुरकुर नव्हे, तो पुरावा आहे.

हे मत एकत्र मांडलं तर काय होतं, ते आपल्या अंगणवाडी सेविकांनी दाखवलं. त्यांना कामासाठी शासनाने मोबाइल दिले होते. क्षमता अवघी दोन जीबी. फोन तापायचे, अडकायचे, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी. त्यात पोषण ट्रॅकर हे ॲप आलं, तेही इंग्रजीत. काम झालं नाही तर दोष सेविकेचा! ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी संघटनांच्या झेंड्याखाली हे फोन शासनाला परत केले. 'आम्हाला येत नाही' असं त्या म्हणाल्या नाहीत. 'ही वस्तू कामाची नाही' असं म्हणाल्या. या दोन वाक्यांतला फरक नीट लक्षात घ्या.

आणि ही परंपरा आपलीच आहे. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बाया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्या गिऱ्हाईक म्हणूनच बोलत होत्या. तेव्हा प्रश्न तेल-धान्याचा होता. आज त्याच्या जोडीला हप्त्यावरचा मोबाइल आहे.

आता कायद्याचं. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यातल्या काही गोष्टी आपल्या फार उपयोगाच्या आहेत. एक, ज्याने वस्तू विकत घेतली त्याच्या संमतीने ती वापरणारी व्यक्तीही ग्राहकच असते. म्हणजे बिल नवऱ्याच्या नावावर असलं तरी तक्रार तुम्ही करू शकता. दोन, केवळ पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या वस्तूला कायदा 'व्यापारी हेतू' म्हणत नाही. मसाला दळणारी आपली ताई कायद्याच्या नजरेत ग्राहकच आहे. तीन, बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. चार, तक्रार दोन वर्षांच्या आत आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून पाहा.

मात्र वॉरंटी कार्डावर 'फक्त घरगुती वापरासाठी' असं छापलेलं असेल, तर दुकानदार तेच पुढे करणार. म्हणून वस्तू कशासाठी हवी ते घेतानाच सांगा आणि बिलावर लिहून मागा. 'शून्य टक्के व्याज' ऐकून हुरळू नका. असं व्याज बहुतेकदा प्रक्रिया शुल्कात लपवलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेनेच २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं. एकूण किती रुपये जाणार, ते विचारा.

माझी सूचना एवढीच आहे. प्रत्येक गटाने एक वही ठेवावी. कुणी कुठली वस्तू घेतली, कितीला, किती दिवस चालली, कुठे बिघडली, दुरुस्तीला काय पडलं, सगळं लिहावं. लिहिता येत नसेल तिचं दुसरीने लिहावं. पुढची बाई दुकानात जाण्याआधी ती वही वाचेल. आणि दुकानात गेल्यावर दोन गोष्टी विसरायच्या नाहीत : जी वापरणार तिने स्वतः बोलायचं, आणि पक्कं बिल घ्यायचं, तिच्याच नावाचं.

त्या ताईच्या मिक्सरचा निकाल अजून लागलेला नाही. चिठ्ठी आणि पैसे दिल्याचा मोबाइलवरचा मेसेज जोडून आम्ही तक्रार लिहिली आहे. मी मजकूर तयार करून नेला होता. तिने तो बाजूला ठेवला आणि स्वतः सांगायला सुरुवात केली, "लिहा ताई, हा मिक्सर मी वापरत होते. त्याचं काय बिघडलं ते मला माहीत आहे."

आमच्या वहीचं पहिलं पान तेच आहे. तुमच्या वहीचं पहिलं पान तुम्ही लिहा.