घरचे उटणे आणि थेंबांचे गणित



नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल लावून, उटणे चोळून केलेले अभ्यंगस्नान हा मराठी घरातील दिवाळीचा खरा आरंभ. एके काळी हे उटणे घरीच सिद्ध होत असे. पुढे त्याची जागा दुकानातील पुडीने घेतली. आता मात्र पुन्हा अनेक घरांत उटणे, केसांचे तेल, साबण, ओठांचे मलम घरी करण्याची आवड दिसू लागली आहे, आणि नागरमोथा-वाळ्याच्या शेजारी लव्हेंडर, टी ट्री, पेपरमिंट अशा सुगंधी तेलांच्या लहान कुप्याही येऊन बसल्या आहेत. ही आवड स्वागतार्ह आहे. तथापि तिच्याबरोबर एक समजूतही घरात शिरली आहे: जे नैसर्गिक, ते निर्धोक. या समजुतीचा विचार आज करावयाचा आहे.

आपल्या पूर्वजांनी सुगंधाकडे केवळ हौस म्हणून पाहिले नाही. त्याचे शास्त्र केले. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत 'गंधयुक्ती' नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. सोळा सुगंधी द्रव्यांतून कोणतीही चार निवडावयाची झाल्यास किती प्रकार संभवतात, याचे उत्तर त्याने १८२० असे दिले आहे, आणि आजचे गणितही तेच उत्तर देते. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील व्यासंगी संशोधक प. कृ. गोडे यांनी गंगाधराचा 'गंधसार' आणि अज्ञात कर्त्याचा 'गंधवाद' हे ग्रंथ अभ्यासकांसमोर आणले. त्यांतील 'गंधवादा'वर चक्क मराठी टीका आहे. सुगंधाची विद्या मराठीत लिहिली-वाचली जात होती, याचा हा पुरावा. आणि ही विद्या प्रमाणाची आहे. कोणते द्रव्य किती भाग, हा तिचा पहिला प्रश्न.

चूर्ण आणि तेल यांतील अंतर

वाळ्याचे चूर्ण आणि वाळ्याचे तेल यांत मोठे अंतर आहे. चूर्णात सुगंधी अंश अत्यल्प असतो, बाकी सारा काष्ठभाग. ऊर्ध्वपातनाने तोच अंश वेगळा काढला म्हणजे तेल मिळते. कनौजला आजही तांब्याच्या डेगेत फुले व पाणी तापवून, ती वाफ बांबूच्या नळीतून 'भपक्या'त नेऊन अत्तर काढतात. एक किलो गुलाबतेलासाठी साधारण तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. म्हणजे तेलाचा एक थेंब हा मूठभर फुलांचा अर्क असतो. मूठभर फुले अंगाला चोळणे आणि त्यांचा अर्क कातडीवर ओतणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

ही तेले महाराष्ट्राला नवी नाहीत. खानदेशातील रोशा गवताचे तेल एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जात असे. त्याचा वास गुलाबाशी इतका जुळतो की तेथे ते महागड्या गुलाबतेलात मिसळले जाई. आजही भेसळीचे भय तेच आहे. अस्सल चंदनतेल स्वस्तात मिळत असेल, तर ते अस्सल नाही असे खुशाल समजावे.

निसर्गातील दाहकता

लिंबाच्या सालीतून दाबून काढलेले तेल अंगाला लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी होते व काळे डाग अनेक महिने राहतात. बावचीच्या बियांतही असेच उन्हाशी वैर करणारे द्रव्य असते. म्हणूनच वैद्य कोडावर तिचा उपयोग जपून करतात. काही उटण्यांत ती सरसकट घातली जाते, हे योग्य नव्हे. लवंगेचे वा दालचिनीचे निव्वळ तेल हिरड्या व त्वचा पोळते.

सर्वांत मोठा धोका लहान मुलांना आहे. निलगिरीचे तेल किंवा कापूर थोडासा जरी पोटात गेला, तरी बालकाला झटके येऊ शकतात, ते बेशुद्ध पडू शकते. सर्दी झाली म्हणून तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ ही द्रव्ये लावू नयेत. कुप्या कुलपात असाव्यात. तेल पोटात गेल्यास उलटी करविण्याच्या भानगडीत न पडता तत्काळ रुग्णालय गाठावे.

करावे कसे?

पाव किलो उटण्यासाठी मसुराचे पीठ १०० ग्रॅम, मुलतानी माती ५० ग्रॅम, वाळलेल्या संत्रासालीचे चूर्ण २५ ग्रॅम आणि नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद व गुलाबपाकळी यांचे चूर्ण प्रत्येकी १५ ग्रॅम घ्यावे. सर्व द्रव्ये सावलीत कडकडीत वाळवावीत. वाळा तंतुमय असल्याने वेगळा कुटून वस्त्रगाळ करावा, अन्यथा त्याचे कण त्वचेला ओरखडतात. या उटण्याला वरून तेलाची गरजच नाही.

अभ्यंगाच्या तेलासाठी १०० मिलिलिटर तिळाच्या तेलात सुगंधी तेलाचे सुमारे २० थेंब, म्हणजे साधारण एक टक्का, पुरेत. चेहऱ्यासाठी त्याच्या निम्मे. दोन वर्षांखालील मुलांसाठी सुगंधी तेल नकोच. गर्भवतींनी वैद्यकीय सल्ल्यावाचून वापरू नये. कोणतेही नवे मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून दोन दिवस वाट पाहावी. तेल गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, थंड जागी ठेवावे व बाटलीवर तारीख लिहावी. जुने, हवा लागलेले तेल त्वचेला अधिक बाधते.

पाणी, गुलाबजल वा कोरफडीचा गर असलेले पदार्थ एक-दोन दिवसांपुरतेच करावेत. पाण्यात जंतू वाढतात, आणि सुगंधी तेल घातले म्हणून ते थांबतात असे नाही. शिवाय तेल पाण्यात विरघळत नाही. स्नानाच्या बादलीत टाकलेला थेंब तसाच तरंगून अंगाला चिकटतो.

विक्री करताना

अनेक बचत गट दिवाळीत उटणे विकतात. त्यांच्या कष्टाचे मोल मोठे आहे. परंतु विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनविण्यास १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागू होतो आणि परवाना आवश्यक ठरतो. महाराष्ट्रात त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे चौकशी करावी. पुडीवर सर्व घटक व निर्मितीची तारीख प्रामाणिकपणे छापावी. 'त्वचारोग बरे होतात' असा दावा करू नये. गिऱ्हाइकाचा विश्वास एका पुरळाने जातो आणि गटातील दहा भगिनींची मेहनत वाया जाते.

भगिनींनो, आजीचे उटणे चांगले होते, कारण कोणते मूळ केव्हा खणावे, किती वाळवावे आणि चिमूट किती घ्यावी, हे तिला ठाऊक होते. तिच्या हाताला असलेले माप आज आपल्या हाती नसेल, तर तराजू आणि ड्रॉपर हाती घ्यावा. येत्या दिवाळीत प्रत्येक घरात एक तरी वस्तू स्वतः करावी, आणि ती करताना मुलामुलींना शेजारी बसवून त्यांच्याकडून वजन करून घ्यावे. विद्या अशीच पुढे जाते.