मुलांच्या हाती गावाचा नकाशा
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



पारितोषिक-वितरणानंतर मुलांना दोन शब्द सांगावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. उपदेश त्यांनी पुष्कळ ऐकला असेल. म्हणून मी एक काम सुचविणार आहे.

१९३० साली भूगोलाचे अध्यापक डडले स्टॅम्प यांनी ब्रिटनमधील जमिनीच्या वापराची पाहणी आरंभिली. एवढ्या मोजणीस पगारी माणसे कोठून आणावयाची? त्यांनी शाळांना साद घातली. मैलास सहा इंच या प्रमाणाचे नकाशे घेऊन हजारो मुले शिक्षकांसमवेत शिवारात उतरली. नांगरट, कुरण, वन, माळ, बाग. ज्याच्या त्याच्या खुणेचे अक्षर प्रत्येक शेतावर लिहावयाचे. पुढे त्यावरून रंगीत नकाशे छापले गेले; नांगरटीस तपकिरी रंग, माळास पिवळा. १९३९ साली महायुद्ध पेटले, धान्याची जहाजे बुडू लागली, आणि कोणती कुरणे नांगराखाली आणावीत हे ठरविताना या मुलांची मेहनत कामी आली.

आपल्या गावाचा नकाशा भूमि अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यात गटांच्या हद्दी असतात. पण कोणता आड आटला, पांद कोणी बुजविली, शेताला लोक कोणत्या नावाने ओळखतात, हे त्यात नसते. उपग्रहाच्या चित्रातही छपरे दिसतात, नावे दिसत नाहीत. ती आजीआजोबांपाशी आहेत, आणि दरवर्षी थोडी थोडी नाहीशी होत आहेत.

ही कल्पना मी मांडली तेव्हा काही वडीलधाऱ्यांचे मत पडले की, मुलांनी केवळ आपल्या ज्ञातीची घरे नोंदवावीत. म्हणजे कुटुंबसूचीचे कामही परस्पर उरकेल. त्यांच्याविषयी आदर राखून मला हे मान्य नाही, असे सांगणे भाग आहे. कुटुंबसूची अवश्य करावी, पण तिला गावाचा नकाशा म्हणू नये. गावकुसाबाहेरची वस्ती जेथे कोरी सोडली आहे, तो नकाशा खोटा होय. कोणत्या आडावर एके काळी कोणास पाणी भरू दिले जात नव्हते, हेही मुलांनी विचारावे. आणि प्रथम आपल्याच घरातील वृद्धांस विचारावे. उत्तर देताना आपणांस संकोच वाटेल. वाटू द्यावा.

येत्या दिवाळीच्या सुटीत एका गावापासून आरंभ करता येईल. कागद व रंगीत पेन्सिली यांचा खर्च शिक्षणनिधीतून व्हावा, अशी सूचना मी अध्यक्षमहाराजांपुढे ठेवतो.