न्यायासनाची वाट


न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७१ साली पुण्यात दुय्यम न्यायाधीश झाले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायासन त्यांना १८९३ साली लाभले. ही वाट पूर्वापार दीर्घच आहे.

दिवाणी न्यायाधीश व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदासाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोग परीक्षा घेतो. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी या प्रवेशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. अनुभवाविना न्यायदान नको, हा विचार योग्यच आहे. परंतु वकिलीचा आरंभकाळ तुटपुंज्या मिळकतीचा असतो. वाशीतील एखाद्या बुद्धिमान कन्येची वाट तेथेच खुंटू नये. पालकांनी कमाईची वा विवाहाची घाई करू नये. नव्या दुकानाचा जम बसेपर्यंत व्यापारी तीन दिवाळ्या धीर धरतो. तोच धीर कन्येसाठीही धरावा.